देवस्थान समितीत ‘सगळे मीच केले’ म्हणणाऱ्या ज्येष्ठ सदस्याला अहंकारी समजावे का?

केवळ तेवढ्यावरून समजू नये. कोणी चूक दाखवल्यावर ते कसे वागतात, त्यावरून ठरवावे. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पती-पत्नींना घरकामातील आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांत दोन्ही वाट्यांची बेरीज एकूण कामाहून अधिक भरली. आपले कष्ट आपल्याला चटकन आठवतात आणि इतरांचे तितके आठवत नाहीत. जत्रेच्या आदल्या रात्री मंडपवाल्यांसाठी जागलेल्या माणसाला आपले जागरण विसरता येत नाही, यात लबाडी नसते. मात्र हिशेब वाचताना एखाद्या तरुण महाजनाने, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सदस्याने, ‘तेलाचे बिल दोनदा धरले आहे’ असे सांगितले आणि वही उघडण्याऐवजी ‘तू कोणाचा रे? कालचा पोर मला शिकवतो?’ असे उत्तर आले, तर तो अहंकारच आहे आणि तो खपवून घेऊ नये. अशा वेळी वाद न घालता बिल सर्वांसमोर ठेवावे आणि कोणी कोणते काम केले, ते नावानिशी इतिवृत्तात लिहावे. एक गोष्ट मात्र वेगळी धरावी: गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या महाजनी कायद्याखाली चालतात आणि पालखीचा किंवा प्रसादाचा एखादा मान परंपरेने विशिष्ट घराण्याकडे असतो, तो मागणाऱ्याला गर्विष्ठ म्हणणे अन्यायाचे ठरेल.