स्काउटच्या प्रतिज्ञेत 'ईश्वर' म्हणावंच लागतं का?

नाही. घरी देवधर्म नाही, मग मुलगा प्रतिज्ञा कशी घेणार, असं तुम्ही विचारलंय. भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या नियमातच 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे. इथे धर्म म्हणजे कर्तव्य, असं मी तरी पोरांना सांगतो. फक्त स्काउट मास्तरांना आधी सांगून ठेवा, ऐन समारंभात खोळंबा नको.

सेवेचं काम कोण ठरवतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. वरून विषय येतात, पण चांगल्या पथकात टोलीनायक, म्हणजे छोट्या गटांची म्होरकी पोरंच बसून ठरवतात. आमच्या इंदूरच्या पोरांनी एकदा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीत पाणी वाटायचं ठरवलं. मी बाग साफ करा म्हणत होतो. माझं कोण ऐकतंय! राजवाड्याजवळच्या गर्दीत एक चिमुरडी चुकली. एकाने तिला खांद्यावर घेतलं, दुसऱ्याने गळ्यातला स्कार्फ काठीला बांधून उंच धरला. अर्धा तास दोघं जागचे हलले नाहीत. तिची आई आली खरी, पण स्कार्फ बघून नाही, लेकीचं भोकाड ऐकून.