झालेलं पुन्हा सांगायचं कशाला?

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत: मनावर आघात करणारं काही घडून गेल्यावर त्याबद्दल बोलावं की गप्प राहावं? त्यातली चार इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीला अपघात झाला. भाऊ चालवत होता, तो वाचला नाही. मी शेजारच्या सीटवर होते. तेव्हापासून मी चारचाकीत पाय ठेवलेला नाही. करकचून ब्रेक लावल्याचा आवाज आला तरी हातपाय गार पडतात. मोठ्या हिमतीनं एका थेरपिस्टकडे गेले. तिसऱ्या भेटीत त्यांनी डोळे मिटून सगळा अपघात पहिल्यापासून सांगायला लावला, तोही आत्ता घडतोय असा. वर त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायला सांगितलं. मी परत गेलेच नाही. ही खपली काढणं नाही का? घरचे म्हणतात, झालं गेलं विसरून जा.

उत्तर : परत गेला नाहीत म्हणून स्वतःला कच्च्या मनाची ठरवू नका. काय करायचं आहे आणि कशासाठी, हे आधी नीट समजावलं नसेल तर कुणीही पळ काढेल. ते समजावणं थेरपिस्टचं काम आहे. आता मी सांगते.

या पद्धतीचं नाव प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर. एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती १९८० च्या दशकात विकसित केली. साधारण ८ ते १५ सेशन, बहुधा दीड-दीड तासाची. तिच्यामागचा विचार असा. विसरून जा म्हणतात ते तुम्ही दोन वर्षं करताच आहात. गाडी टाळली, रस्ता टाळला, आवाज टाळला. टाळलं की त्या क्षणापुरतं हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी आणखी थोडं टाळलं जातं. धोका संपलाय हे मनाला अनुभवानं कळायची संधीच मिळत नाही. आणि आठवण काही जात नाही. ती हवी तेव्हा येते, झोपेत येते, भर रस्त्यात येते. थेरपीत तीच आठवण तुम्ही बोलावता, ठरलेल्या वेळी, जाणकार माणूस समोर असताना. मध्ये मध्ये तो विचारतो, शून्य ते शंभरमध्ये आत्ता त्रास किती? तुम्ही आकडा सांगता आणि पुढे जाता.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं सांगते, त्यांच्या परवानगीनं आणि तपशील बदलून. घराला आग लागली, हे बाहेर पडले, वडील आत राहिले. ‘मी परत आत गेलो नाही’ हे वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं उराशी धरलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळी हकिगत चार-पाच मिनिटांत आटोपली: धूर दिसला, बाहेर आलो, मग हॉस्पिटल. मधला जिना त्यांनी वगळलाच होता. लोक नेमकी तीच जागा वगळतात जिथे सर्वांत जास्त दुखतं. पुढच्या सेशनांमध्ये आम्ही त्या जिन्यावरच थांबायला लागलो. पायाखाली काय होतं, हात कुठे होता, श्वास कसा होता. हळूहळू त्यांच्याच सांगण्यातून क्रम लागत गेला. ते उलटे वळले होते. दोन पायऱ्या चढलेही होते. धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता. यातलं काहीच त्यांना नव्यानं आठवलं नव्हतं, प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण ‘गेलो नाही’ या निकालाशेजारी ‘जाता येत नव्हतं’ ही वस्तुस्थिती त्यांनी कधी ठेवूनच पाहिली नव्हती. त्या दिवशी ते वडिलांसाठी रडले. तोवर फक्त स्वतःवर चिडत आले होते.

म्हणून मला ही पद्धत मोलाची वाटते. तुमच्या पत्रात भावाबद्दल एकच ओळ आहे, बाकी सगळं गाडीबद्दल. भीतीनं दुःखाला जागाच ठेवली नसावी, अशी मला शंका येते.

सुरुवातीला काही जणांचा त्रास वाढतो, हे खरं आहे. पण असा त्रास वाढलेल्यांनाही पुढे फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तरीही हा मार्ग नकोच वाटत असेल तर दुसरा आहे. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी ही पॅट्रिशिया रेसिक यांची साधारण १२ सेशनची पद्धत. तिच्यात ‘माझ्यामुळेच झालं’, ‘आता कुठेच सुरक्षित नाही’ अशा अडकून बसलेल्या विचारांवर कागद-पेन घेऊन काम करतात, आणि घटनेचं सविस्तर वर्णन न करताही ती करता येते. त्याच थेरपिस्टना फोन करा आणि का आला नाहीत ते स्पष्ट सांगा. चांगला थेरपिस्ट त्यावर रागावणार नाही, तो वेग कमी करेल. गाडीच्या बाबतीतही पहिली पायरी उभ्या, बंद गाडीत पाच मिनिटं बसणं एवढीच असू शकते.

प्रश्न : डोळ्यांसमोर बोटं हलवून आघात बरा करतात अशी एक थेरपी आहे म्हणे. मी इंजिनीअर आहे, मला हे जादूटोण्यासारखं वाटतं. यात काही तथ्य आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमची शंकाही रास्त आहे. ही ईएमडीआर. १९८७ मध्ये बागेत फिरताना फ्रान्सिन शपिरो यांना जाणवलं, की डोळे इकडून तिकडे फिरत असताना मनातल्या त्रासदायक विचाराची धार कमी होते. १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आघातोत्तर तणावासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, आघातावर केंद्रित सीबीटीबरोबर, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या थेरपीबरोबर, हिचंही नाव आहे.

थेरपीचे आठ टप्पे आहेत. बोटं हलवणं त्यातल्या काहींत येतं, आणि तेही साधारण अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. आठवणीतलं सर्वांत वाईट चित्र मनात धरायचं, नजर बोटांमागे न्यायची, थांबायचं, काय जाणवलं ते दोन शब्दांत सांगायचं, पुन्हा सुरू करायचं. एक स्पष्टीकरण असं: आपल्याला एका वेळी मनात धरता येतं ते मर्यादित असतं. नजर गुंतली की चित्राच्या वाट्याला कमी जागा उरते, ते फिकट होतं आणि तसंच साठवलं जातं. डोळ्यांच्या हालचालींमुळे खरंच किती फरक पडतो, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. परिणाम मुख्यतः आठवणीला सामोरं जाण्याचाच आहे, असं म्हणणारे बरेच आहेत. मी स्वतः ही पद्धत वापरते, कारण हिच्यात घटना फार बोलून दाखवावी लागत नाही. काहींच्या बाबतीत जे घडलं ते तोंडानं उच्चारणंच अशक्य असतं.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे. आठ दिवसांपूर्वी माझ्या मोठ्या भावावर हल्ला झाला. जखमा बऱ्या होताहेत, पण तो बोलत नाही, रात्री जागाच असतो. घरात सगळे त्याला ‘मन मोकळं कर’ म्हणतात. त्याला बोलतं कसं करू?

उत्तर : बोलतं करू नकोस. तो बोलला तर ऐक, नाही बोलला तर शेजारी बस.

मोठ्या संकटानंतर लगेच सगळ्यांना एकदा बसवून घडलेलं बोलून घ्यायचं, याला डीब्रीफिंग म्हणतात. एके काळी याचा बराच बोलबाला होता. पुढे रीतसर चाचण्या झाल्या. अशा एका बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, आणि काहींचा वाढलेलाही दिसला. आता कुणाला असं बळेच बोलायला लावू नये असाच सल्ला दिला जातो.

आठव्या दिवशी झोप न येणं, दचकणं, गप्प होणं यात अनपेक्षित काही नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपसूक सावरतात, म्हणूनच पीटीएसडीचं निदान महिना उलटल्याशिवाय करत नाहीत. तोवर त्याला पुन्हा सुरक्षित वाटेल एवढं पाहा. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका. खोलीत शिरताना आवाज द्या. पोलिसांचे, डॉक्टरांचे फोन कुणीतरी एकानं घ्या, म्हणजे तीच हकिगत त्याला पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही. घरातली कुणाची तरी झोपेची गोळी त्याला देऊ नका. बेन्झोडायझेपिन गटातली औषधं आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. महिन्यानंतरही असंच राहिलं, तर थेरपिस्ट गाठा. जगावंसं वाटत नाही असं काही तो बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आणि तू? पत्रात स्वतःबद्दल एक शब्द नाही. तुझी झोप कशी आहे, हे एखाद्या मैत्रिणीला तरी सांग.

प्रश्न : लहानपणी अनेक वर्षं घरातच जे सोसलं त्यासाठी थेरपी घेतेय. आठ महिने झाले. श्वास, जमिनीवर पाय टेकवून बसणं, भावना ओळखणं एवढंच चाललंय. मूळ विषय निघतच नाही. वेळ फुकट चाललाय का?

उत्तर : फुकट नाही, पण प्रश्न विचारायची वेळ झाली आहे. जुडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. वर्षानुवर्षांच्या आघाताचा परिणाम वेगळा असतो. स्वतःबद्दलची घृणा, भावनांचा तोल जाणं आणि नात्यांमधला अविश्वास त्यात येतो. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात त्याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं स्वतंत्र स्थान आहे. तेव्हा तयारी हवीच. किती हवी, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. माझा अनुभव असा, की तयारी लांबत जाते तेव्हा पुष्कळदा थेरपिस्टलाही त्या विषयाची भीती वाटत असते.

पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच विचारा: आपण मूळ विषयावर कधी येणार? त्याआधी मला काय जमायला हवं असं तुम्हाला वाटतं? आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण तुम्ही घेतलं आहे? ‘आत्महत्येचे विचार अजून येतात, ते आधी आटोक्यात आणू’ असं काही ठोस उत्तर मिळालं, तर थांबण्यात अर्थ आहे. ‘बघू, घाई काय आहे’ एवढंच मिळालं, तर दुसऱ्या थेरपिस्टचं मत घ्या. तसं करताना या आठ महिन्यांत शिकलेलं काहीच वाया जात नाही, पुढे ते रोज लागणार आहे.