अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटीच्या जुन्या घरासाठी माजी सदस्यांनी पैसे द्यावेत का? दिले तर ते नेमके कुठे जातात?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं : पदवी अमेरिकेत घेताना तुम्ही फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यापीठातल्या मुलांच्या एकत्र राहणाऱ्या संघटनेत, होतात, आता पुण्यात स्थायिक आहात. चॅप्टरचं, म्हणजे तिच्या तिथल्या शाखेचं, विटांचं घर १९२०च्या दशकातलं, तीस जणांच्या राहण्याचं. दुरुस्तीसाठी १२ लाख डॉलर उभे करायचे म्हणून पत्र आलंय.

द्या, जरूर द्या. फक्त चेक लिहिण्याआधी घर कुणाच्या नावावर आहे आणि घराच्या दुरुस्तीनिधीत दरवर्षी किती पैसे पडतात, हे दोन प्रश्न लेखी विचारा. दुसऱ्याचं उत्तर 'काहीच नाही' असेल, तर वीस वर्षांनी हेच पत्र पुन्हा येणार.

घर बहुधा चॅप्टरचं नसतं. माजी सदस्यांची वेगळी संस्था, म्हणजे हाउस कॉर्पोरेशन, घराची मालक असते आणि मुलांना भाड्याने देते. काही विद्यापीठांत जमीन विद्यापीठाची आणि वरचं घर लीजवर असतं. तसं असेल तर लीजची किती वर्षं उरलीत ते पाहा. पंधरा वर्षं उरली असतील, तर चाळीस वर्षं टिकणारं छप्पर घालण्याआधी मुदतवाढ कागदावर आणायला सांगा. चॅप्टर बंद पडलं तर घर कुणाकडे जातं, हेही खरेदीखतात आणि पोटनियमांत लिहिलेलं असतं.

आता कराचं. अमेरिकी करकायद्यात करमुक्त संस्थांचे प्रकार आहेत. हाउस कॉर्पोरेशन सहसा ५०१(सी)(७) (सामाजिक क्लब) किंवा ५०१(सी)(२) (मालमत्ता धारण करणारी संस्था) प्रकारची असते. तिला दिलेल्या देणगीवर अमेरिकेत वजावट मिळत नाही. फ्रॅटर्निटीचं शैक्षणिक फाउंडेशन ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय प्रकारचं, असतं, तिथे वजावट मिळते. पण तो पैसा घराच्या शैक्षणिक भागावरच खर्च करता येतो : अभ्यासिका, ग्रंथालय, इंटरनेटचं वायरिंग. चेकवर 'छपरासाठी' असं लिहिल्याने हा नियम बदलत नाही. म्हणून अशा मोहिमांत वजावटीचा पैसा लवकर जमतो आणि छप्पर, बॉयलर, ड्रेनेज यांना मात्र पैसा कमी पडतो. तुम्ही भारतात कर भरता, अमेरिकेत तुमचं उत्पन्न नसेल तर ती वजावट तुमच्या उपयोगाची नाहीच, आणि परदेशी संस्थेच्या देणगीला भारतातली ८०जीची करसवलत लागू होत नाही. त्यामुळे तुम्ही थेट हाउस कॉर्पोरेशनला द्या. तुमचे हजार डॉलर तिथे सर्वांत अडलेल्या कामाला लागतील. पैसे एलआरएसखाली, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, बँकेतून पाठवता येतात. मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची आहे.

संस्थेचे हिशेबही बघा. अमेरिकी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचे फॉर्म ९९० (वार्षिक विवरणपत्रं) कुणालाही पाहता येतात. वर्षाची जमा साधारणपणे ५०,००० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर ९९०-एन ही छोटी ई-नोंद पुरते. तीन वर्षं सलग ही नोंद केली नाही तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. खजिनदार बदलला आणि कागद कुणाच्या तरी माळ्यावर राहिले, की नेमकं हेच होतं.

घराचा क्रम माझ्या मते पक्का आहे : आधी पाणी, मग आग, मग बाकी सगळं. माजी सदस्यांना हॉलचं लाकूडकाम आणि चॅप्टर रूम (बैठकीची खोली) जवळची वाटते, हे मला कळतं. पण गळत्या छपराखाली पॉलिश केलेलं ओक दोन हिवाळ्यांत काळं पडतं.

छप्पर स्लेटचं (पातळ दगडी फरश्यांचं) असेल तर 'सगळं उखडा, डांबरी शिंगल घाला' असं सांगणारा पहिलाच कॉन्ट्रॅक्टर पक्का करू नका. चांगली स्लेट शंभर वर्षं टिकते. आधी जातात ते खिळे, आणि दोन उतार मिळतात तिथला पत्रा. स्लेटचं काम करणाऱ्याकडून तपासणी करून घ्या; अनेकदा पत्रा बदलून आणि फुटलेल्या स्लेट बसवून काम भागतं. पन्हळी दर शरद ऋतूत, पानगळ संपल्यावर साफ व्हायलाच हव्यात.

भिंतीजवळ जाऊन विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, नीट पाहा. त्या काळच्या मऊ विटा अनेकदा चुना जास्त असलेल्या मऊ मालात बसवलेल्या असतात. भिंतीत शिरलेलं पाणी त्या दरजांतून बाहेर पडतं. त्यात कुणी कडक पोर्टलंड सिमेंट भरलं की पाणी विटेतून वाट काढतं, हिवाळ्यात तिथेच गोठतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडतो. करडी दरज शाबूत आणि वीट आत गेलेली दिसली, तर हेच झालंय असं समजा. जुना माल दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत विटेला धक्का न लावता काढायचा आणि मूळ मालाशी जुळणारा मऊ माल भरायचा. कोटेशनमध्ये मालाचं प्रमाण लिहून मागा. ते लिहून द्यायला नकार देणारा गवंडी नको.

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरांचा वेगळा विचार करा. तीस मुलं रोज शॉवर घेतात, टाइल्समागचं वॉटरप्रूफिंग सुटतं, आणि डाग मात्र खालच्या जेवणघराच्या छतावर उमटतो. टाइल लावण्याआधी निचरा बंद करून शॉवरचा तळ २४ तास पाण्याने भरून ठेवायला लावा. एक्झॉस्टचा पाइप माळ्यात सोडलेला नसावा. तो घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर छपराची लाकडं आतून कुजतात.

आगीबाबत तडजोड करू नका. १२ मे १९९६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलमध्ये फाय गॅमा डेल्टा या फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रणा, नव्हते. त्यानंतर त्या गावाने अशा घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. तुमच्या घरात नसतील तर मोहिमेच्या यादीत पाण्याच्या कामांनंतर लगेच तेच हवेत, स्वयंपाकघराच्याही आधी. जुनं नॉब-अँड-ट्यूब वायरिंग (चिनी मातीच्या गुंड्यांवरून आणि नळ्यांतून नेलेल्या तारा) अजून चालू असेल तर तेही याच टप्प्यात काढायचं, कारण भिंती एकदाच उघडायच्या आहेत.

वेळापत्रक चुकलं की सगळं चुकतं. घर मे महिन्यात रिकामं होतं आणि ऑगस्टमध्ये मुलं परत येतात. कॉन्ट्रॅक्टर जानेवारी-फेब्रुवारीतच ठरलेला हवा. त्याआधी शिसं आणि ॲस्बेस्टॉस यांची तपासणी : १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, बॉयलरच्या पाइपांवरच्या वेष्टनात आणि नऊ इंची जुन्या फरशीत ॲस्बेस्टॉस. हे जूनमध्ये भिंत फोडल्यावर सापडलं तर काम थांबतं आणि मुलांची राहायची सोय जाते. काम निम्म्याहून जास्त क्षेत्रफळावर जाणार असेल, तर अनेक ठिकाणी बांधकाम नियमांच्या कडक अटी लागू होतात. आर्किटेक्टला हे आधीच विचारा. इतक्या जुन्या घरात अनपेक्षित कामांसाठी १५ ते २० टक्के रक्कम बाजूला हवी.

दुरुस्तीनिधीचं गणित आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्तीसाठी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी पाव टक्का धरलेला आहे. अमेरिकेत संस्थांच्या इमारतींसाठी वर्षाला पुनर्बांधणी खर्चाच्या २ ते ४ टक्के हा ठोकताळा वापरतात. घर नव्याने बांधायला ३० लाख डॉलर लागणार असतील, तर वर्षाला किमान ६०,०००, म्हणजे तीस खाटांमागे प्रत्येकी २,०००. भाड्यात एवढी रक्कम वेगळी धरलेली नसेल तर भाडं कमी आहे. बाहेर राहणाऱ्या सदस्यांकडूनही घर वापरण्याचं शुल्क घ्यायला हवं.

रिकाम्या खाटा हा खरा धोका. तीसपैकी बावीसच भरल्या तरी विमा, कर आणि हीटिंगचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. चॅप्टरवर बंदी येऊन घर रिकामं पडलं, तर बऱ्याच विमा पॉलिसींत ६० दिवसांनंतर तोडफोड, चोरी, पाण्याचं नुकसान यांची भरपाई मिळत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण विकत घ्यावं लागतं आणि हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून हीटिंग चालू ठेवावं लागतं.

मोहीम कितपत गंभीर आहे हे ओळखायला एक प्रश्न पुरतो : सगळ्यांना पत्र पाठवण्याआधी किती रकमेची वचनं मिळाली होती? नीट चालवलेल्या मोहिमेत निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम मोजक्या मोठ्या देणगीदारांकडून आधीच कबूल झालेली असते. वचनं तीन ते पाच वर्षांत फेडली जातात आणि काही कधीच येत नाहीत, म्हणून कॉन्ट्रॅक्टवर सही करताना हातातली रोकड आणि मंजूर कर्ज एवढंच मोजावं. तुम्ही एकरकमी देऊ शकत नसाल तर पाच वर्षांचं वचन द्या. कर्ज मागताना बँकेला दाखवायला लेखी वचनं हाउस कॉर्पोरेशनच्या कामी येतात.