पहिला उपवासकाळ पाळताना

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावलीस, म्हणून आवडीचं सगळंच सोडायचा हट्ट धरू नकोस. या काळाच्या चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत, आणि कॅथलिक नियमाने 18 ते 59 वयाच्यांना सक्तीचा उपवास फक्त तो बुधवार आणि पुण्यशुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. एकच गोष्ट सोड, पण वाचलेले पैसे गरजूला दे. नाहीतर ते नुसतं पथ्य.

शुक्रवारची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत केलेली प्रार्थना, मात्र चुकवू नकोस. 14 स्थानं आहेत, गुडघे दुखतील. गावच्या चर्चमध्ये माणसं थोडी, त्यामुळे वाचायला, क्रूस धरायला तुलाही बोलावतील. हो म्हण, ओळखी तिथेच होतात. आणि कुणाशी अबोला असेल तर पापनिवेदनाआधी, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याआधी, त्याच्या घरी जा. लहान गावात हे फार जड जातं. मला तरी उपवासापेक्षा तेच मोठं वाटतं.