‘पुनराकारण’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

अमळनेरचे एक प्राध्यापक विचारतात: बी.एस्सी.च्या नोट्समध्ये ‘डायनॅमिक अ‍ॅरे रिसाइझ करणे’ याला ‘गतिशील सारणीचे पुनराकारण’ असं छापलंय. वर्गात तोंडात बसेल असं काही आहे का?

आधी ‘अ‍ॅरे’ तसाच राहू द्या. अ‍ॅरे म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांची सलग रांग; सारणी म्हटलं की उभ्या-आडव्या रकान्यांचा तक्ता डोळ्यांपुढे येतो. ‘गतिशील’ही नको, अ‍ॅरे कुठे धावत नाही. किती जागा लागेल ते प्रोग्रॅम चालू असताना ठरतं, एवढंच. ‘लवचीक अ‍ॅरे’ चालेल.

खरी मेख ‘आकार’मध्ये आहे. इथे आकडे दोन: आत किती घटक आहेत आणि घेतलेल्या जागेत किती मावतील. सी प्लस प्लस भाषेच्या व्हेक्टरमध्ये, म्हणजे तिथल्या लवचीक अ‍ॅरेत, पहिला साइझ, दुसरा कपॅसिटी. तिथलं रिसाइझ घटकांची संख्या बदलतं, रिझर्व्ह नुसती जागा वाढवून ठेवतं. ‘पुनराकारण’ यातलं कोणतं? मराठीत हा फरक रोजच्या वापरातला आहे. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, पण पावसाळ्यात त्याच्या टक्क्यांवर डोळे चाळीसगाव-पाचोऱ्याचे. तिथे धरणाची क्षमता आणि आजचा साठा यांत कुणी गल्लत करत नाही. तेव्हा कपॅसिटीला ‘क्षमता’च घ्या, साइझला ‘संख्या’.

आता क्रियापद. घटक टाकला, संख्या एकाने वाढली, इथवर ‘वाढणे’ ठीक. क्षमता संपल्यावर मात्र शेजारची मेमरी मोकळी असेलच असं नाही. म्हणून दुसरीकडे मोठी सलग जागा घ्यायची, सगळे घटक तिकडे न्यायचे, जुनी जागा सोडायची. हा खटाटोप दर वेळी परवडत नाही, म्हणून जावा भाषेतला लवचीक अ‍ॅरे, अ‍ॅरेलिस्ट, एकदम दीडपट जागा घेतो: १०, १५, २२, ३३. याला मी ‘क्षमतावाढ’ म्हणेन. ‘जागापालट’ अधिक चित्रदर्शी, पण सी भाषेतलं, घेतलेल्या जागेचं माप बदलणारं रिअ‍ॅलॉक कधी आहे त्याच जागी वाढवतं, कधी हलवतं. हलवलं की पत्ता बदलतो आणि जुना पॉइंटर (आधीच्या जागेचा पत्ता) धरून बसलेली मुलं तिथेच आपटतात.

फळ्यावर असं लिहा: ‘संख्या क्षमतेला भिडली, आणखी एक घटक आला, की क्षमतावाढ होते, बहुतेकदा जागापालट करून.’

व्हिज्युअल बेसिक शिकवत असाल तर रीडिमला, म्हणजे अ‍ॅरेचं माप नव्याने ठरवणाऱ्या आज्ञेला, ‘वाढवणे’ अजिबात म्हणू नका. सोबत प्रिझर्व्ह लिहिलं नाही तर आधीची मूल्यं पुसली जातात.