दिवाळी अंकाची पीडीएफ मैत्रिणींना पाठवावी का?

प्रश्न : आम्ही बारा मैत्रिणी दरवर्षी वर्गणी काढून दिवाळी अंक घेतो आणि ते आपापसांत फिरवतो. यंदा मुलीने मला चार अंकांच्या ई-आवृत्त्या आणि एक श्राव्य पुस्तक विकत घेऊन दिले. रीतसर पैसे भरलेले असल्यामुळे या फाइली आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला हरकत नसावी, असे मला वाटते. मुलगी मात्र नको म्हणते. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचे बरोबर आहे. छापील अंक आपण मैत्रिणीला देता तेव्हा तो आपल्याकडे उरत नाही. फाइल पाठवता तेव्हा आपली प्रत तशीच राहून आणखी अकरा प्रती तयार होतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 नुसार, एकदा विकली गेलेली छापील प्रत ‘वितरणात आलेली’ मानली जाते आणि ती पुढे कोणाला द्यावी यावर प्रकाशकाचा हक्क चालत नाही, म्हणूनच तुमची जुनी पद्धत पूर्णपणे कायदेशीर होती. मात्र साहित्यकृतीची नवी प्रत काढण्याचा हक्क त्याच कलमाने हक्कधारकाकडे ठेवला आहे आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेही त्यात स्पष्टपणे धरले आहे.

कलम 52 मध्ये खाजगी वापरासाठी सवलत आहे, हे खरे. तीच फाइल स्वतःच्या फोनवर आणि टॅबवर ठेवून वाचण्याला तिचा आधार घेता येईल. बारा जणींच्या गटाला वाटप करणे त्यात बसवणे कठीण आहे. शिवाय ‘फक्त आपल्या गटापुरते’ म्हणून टाकलेली फाइल संध्याकाळपर्यंत कोणाकोणाच्या फोनवर पोचते, याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेलच. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. फाइलला कुलूप असेल आणि ते उल्लंघनाच्या हेतूने तोडले, तर 2012 साली आलेले कलम 65अ वेगळे लागू होते.

तरीही आपला वाचनगट मोडण्याचे कारण नाही. अंक असलेला टॅब मैत्रिणीच्या हाती द्या, नवी प्रत निर्माण होत नाही. श्राव्य पुस्तक घरी सगळ्यांनी मिळून ऐकण्यात काहीच अडचण नाही. सोसायटीच्या सभागृहात रहिवाशांसाठी किंवा नफा न कमावणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यालाही कलम 52 मध्ये सूट आहे. ॲपच्या अटी मात्र आधी वाचाव्यात, कारण ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ असे मान्य करून खाते उघडलेले असेल तर तो करार आपल्याला बांधून ठेवतो. पासवर्ड वाटून घेण्याबाबतही हेच लागू पडते. अॅपल आणि गुगल यांच्या कुटुंब-गटांत आपल्यासह सहा जणांना काही खरेदी वाटून घेता येते, पण त्या सोयी कुटुंबासाठी आहेत, वाचनगटासाठी नव्हेत.

आमच्या मते सर्वांत सरळ मार्ग म्हणजे संपादकांना पत्र लिहून बारा प्रतींसाठी एकत्रित सवलत मागणे. परवानगी मिळाली तर ती लेखी घ्यावी, आणि ती साऱ्या अंकाला लागू आहे का हेही विचारावे. दिवाळी अंकातील कथा, कविता आणि व्यंगचित्रांचे हक्क पुष्कळदा ज्याच्या त्याच्याकडेच असतात.

प्रश्न : साने गुरुजींच्या पुस्तकांच्या पीडीएफ पाठवल्या तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मूळ मजकूर खुशाल पाठवावा. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2011 पासून सर्वांसाठी खुले आहे. (पूर्वी ही मुदत 50 वर्षे होती, रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क 1991 अखेर संपत आला, तेव्हा ती वाढवण्यात आली.) एखाद्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, चित्रे किंवा अलीकडचे ध्वनिमुद्रण यांवर मात्र स्वतंत्र हक्क असतो, म्हणून त्या आवृत्तीची स्कॅन केलेली प्रत जशीच्या तशी पाठवू नये.