ठेका पळतो, ताई

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून तालुक्याच्या शाळेत एसटीनं जाते. मुलींच्या बँड पथकात साइड ड्रमच्या चार जागा आहेत आणि नावं दिलीत सतरा जणींनी. दिवाळीनंतर निवड आहे. घरी ड्रम नाही. गेल्या वर्षी माझे हात थरथरले, ठेका पळाला, सरांनी मधेच थांबवलं. आई म्हणते, कापूस वेचायच्या दिवसांत हे काय खूळ! मामांच्या भजनी मंडळात मी खंजिरी वाजवते, ती जमते. मग ड्रमच का नाही जमत? यंदा नाव काढून घेऊ का?

उत्तर : नाव काढू नकोस, बाळा. तुझ्या पत्रातल्या 'पळाला' या शब्दापाशी मी थांबले. आपला ठेका पळतोय हे जिला ऐकू येतं, तिचा कान तयार असतो.

तो तयार केला खंजिरीनं. तुकडोजी महाराजांमुळे ती आपल्याकडे गावोगाव पोचली, तू तिच्यातच वाढलीस. पण भजन रंगलं की लय चढते, चढायलाच हवी. बँडमध्ये ती चढली की घोटाळा. मागच्या सगळ्या मुलींचे पाय तुझ्या काठीवर पडणार. संचलनातली तेज चाल मिनिटाला 120 पावलांची, ती पहिल्या पावलाला जेवढी तेवढीच शेवटच्या पावलाला. तुझ्या हाताला रंगात यायची सवय आणि त्यात भीतीची भर.

120 म्हणजे सेकंदाला दोन. भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहा. प्रत्येक टिकला डावं पाऊल, दोन टिकांच्या मधोमध उजवं. घड्याळ सेलवर चालतं, लाइन गेली तरी तुझा सराव थांबत नाही. पहिला आठवडा काठ्या हातातच घेऊ नकोस, नुसती कदमताल कर. फाट्यावरून घरी चालत येतानाही हीच चाल धर.

मग हात. पंक्चरच्या दुकानातून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आण आणि पाटावर ताणून बांध. काठी छान उसळते, आणि पहाटे कुणाची झोपही मोडत नाही. काठ्यांची एक जोडी दिवाळीच्या सुट्टीपुरती सरांकडे माग. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, एवढंच घोळव. आधी टिकला एक ठोका, तो सरळ पडायला लागला की टिकला दोन. घाई केलीस तर डावा हात कच्चा राहतो आणि ऐन वेळी तोच दगा देतो. काठी मुठीत आवळू नकोस. आवळली की उसळी मरते, मग हात जोर लावतो आणि ठेका पुढे धावतो. गेल्या वर्षी तुझं हेच झालं असावं असं मला वाटतं.

आणखी एक. गळ्यातला ड्रम चालताना मांडीवर आपटतो. मी शाळेत दोन वर्षं तो अडकवला आहे, पहिल्या दिवशी माझं सगळं लक्ष त्या आपटण्याकडेच गेलं होतं. तू दप्तर पोटावर लटकवून चालायची सवय कर. निवड उभ्यानं आहे की चालत, हेही सरांना आधीच विचार.

आईचं मात्र चूक नाही गं. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, घरातला एक हात कमी झाला की ते दिसतं. तिच्याकडे तासभर मागू नकोस. सकाळच्या एसटीआधीची वीस मिनिटं माग, आणि रविवारी वावरात तिच्याबरोबर उभी राहा. शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं भरते, तिच्यात मुलींच्या पथकांचा वेगळा गट असतो, हे तिला सांग. आणि एकदा तिला समोर बसवून पाटावर वाजवून दाखव. सतरा जणींपुढे वाजवायच्या आधी एका माणसापुढे वाजवलेलं बरं.

निवडीच्या दिवशी हात थरथरतीलच. थरथरू दे. आधी आठ पावलं जागच्या जागी टाक, मनात टिक ऐकू आली की मगच काठी उचल. मधे ठोका चुकला तर पाय थांबवू नकोस, पुढच्या डाव्या पावलावर परत ये.

निकाल काहीही लागो, मला पत्र टाक. सरांनी काठ्या दिल्या का, तेही लिही.